रस्त्याचे नाव बदलण्यास विरोध: तो कोठे, केव्हा आणि कोणत्या आधारावर नोंदवावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्य मुंबईतील एका रस्त्याला एकोणिसाव्या शतकातील एका समाजसुधारकाचे नाव अनेक दशकांपासून आहे. ते काढून अलीकडे दिवंगत झालेल्या एका लोकप्रतिनिधीचे नाव द्यावे, असा प्रस्ताव महापालिकेकडे गेला असल्याचे रहिवाशांना समजले आहे. बहुतेकांना हा बदल मान्य नाही. मात्र उघड विरोध केला तर दिवंगत व्यक्तीचा अपमान केल्यासारखे दिसेल, या संकोचाने लोक पुढे येत नाहीत. विरोधाला कायद्याचा काही आधार आहे का आणि तो कसा नोंदवावा, असे त्यांच्या रहिवासी संघाने विचारले आहे. प्रस्ताव अद्याप विचाराधीन असल्यामुळे रस्त्याचे आणि दोन्ही व्यक्तींचे नाव येथे मुद्दाम घेतलेले नाही.

नामकरणाच्या प्रस्तावांची कागदपत्रे तपासणे, जुन्या नोंदी शोधणे आणि रहिवासी संघांची निवेदने तयार करून देणे हे काम मी मुंबईत बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवावरून आरंभीच सांगतो की, विरोध करण्याचा आपला हक्क निर्विवाद आहे, परंतु तो बजावण्यासाठी कायद्याने आखून दिलेली वाट जवळजवळ नाही. ती आपल्यालाच काढावी लागते, आणि प्रस्ताव महापालिकेच्या सभागृहात पोहोचण्यापूर्वीच काढावी लागते. शिवाय आपण ज्यांच्या नावासाठी उभे राहणार आहोत, त्यांची ओळख आपल्याच परिसराला कितपत आहे, याचे उत्तर समोरच्यांनी विचारण्याआधी आपण स्वतःला दिलेले असावे. माझ्या पाहण्यातले बरेच विरोध कायद्याच्या मुद्द्यावर हरलेले नाहीत. ते याच प्रश्नावर हरलेले आहेत.

आधी कायदा पाहू. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार महापालिकेकडे निहित, म्हणजे तिच्या मालकीच्या, असलेल्या रस्त्याचे नाव आयुक्तांनी महापालिकेच्या मंजुरीने ठरवायचे असते आणि त्याचा फलक लावायचा असतो. विकास आराखड्यात बदल करायचा झाल्यास १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे जाहीर सूचना काढून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. रस्त्याच्या नावासाठी तशी सक्ती नाही. त्यामुळे ज्या रस्त्यावर आपण राहतो त्याचे नाव बदलल्याची बातमी अनेकदा फलक बसल्यावरच कळते, आणि तोपर्यंत सगळे ठराव झालेले असतात. ‘निहित’ या अटीकडेही लक्ष द्यावे. रस्ता खासगी असेल, किंवा दुसऱ्या प्राधिकरणाच्या ताब्यात असेल, तर महापालिकेच्या ठरावाच्या वैधतेचाच प्रश्न निर्माण होतो. म्हणून विभाग कार्यालयाकडून रस्त्याची मालकी लेखी विचारून घेणे हे पहिले काम.

प्रस्तावाचा प्रवास साधारणपणे असा होतो. एखादा नगरसेवक पत्र देतो किंवा ठरावाची सूचना मांडतो. विभाग कार्यालयातील परिरक्षण (देखभाल) विभाग रस्ता महापालिकेचा आहे का, त्याला आधी नाव दिलेले आहे का आणि त्याच नावाचा दुसरा रस्ता जवळपास आहे का, याचा अहवाल देतो. मग विषय समितीपुढे येतो. शहर आणि उपनगरे यांच्यासाठी स्थापत्य समित्या वेगवेगळ्या आहेत. तेथून तो सभागृहाकडे जातो. या साखळीत रहिवाशांच्या म्हणण्याला सर्वाधिक किंमत असते ती विभाग कार्यालयाच्या अहवालाच्या टप्प्यावर. अहवालातच ‘या रस्त्याला अमुक साली अमुक ठरावाने नाव दिलेले असून स्थानिक रहिवाशांची लेखी हरकत प्राप्त झाली आहे’ असे वाक्य आले, तर समितीतील प्रत्येक सदस्यापुढे ते छापील स्वरूपात जाते. नंतर मंत्रालयात दिलेल्या निवेदनापेक्षा किंवा वर्तमानपत्रातील पत्रापेक्षा ते एक वाक्य अधिक काम करते. सभागृहच अस्तित्वात नसते, जशी स्थिती मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर काही वर्षे होती, तेव्हा निर्णय प्रशासकाच्या हाती असतो. त्या काळात समितीतील चर्चेचा टप्पा उरत नाही आणि विभाग कार्यालयाच्या अहवालाचे महत्त्व आणखी वाढते.

न्यायालयात जावे का, असे नेहमी विचारले जाते. माझा सल्ला सहसा नकाराचा असतो. देशभरातील स्थळांची मूळ नावे शोधण्यासाठी आयोग नेमावा, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये फेटाळली. औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांच्या नामांतराविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये फेटाळल्या. म्हणजे नाव बदला म्हणणारे आणि बदलू नका म्हणणारे, दोघांनाही न्यायालयाने फारसा हात दिलेला नाही. नाव ठरवणे हा धोरणाचा विषय आहे आणि प्रक्रियेत ठळक बेकायदेशीरपणा असल्याशिवाय त्यात हस्तक्षेप होण्याची शक्यता कमी, असे धरूनच चालावे.

मात्र निवेदनात अवश्य उद्धृत करावा असा एक दस्तऐवज आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने १९७५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, प्रचलित रस्त्यांची नावे बदलू नयेत, कारण त्यामुळे टपाल खात्याचा व जनतेचा गोंधळ होतो आणि लोक इतिहासाच्या जाणिवेला मुकतात, नव्या रस्त्यांना मात्र थोर व्यक्तींची नावे देता येतील, अशी भूमिका घेतलेली आहे. महापालिकेवर ती बंधनकारक नाही, आणि आपल्या निवेदनात ती बंधनकारक असल्याचा आव आणू नये. तरीही समितीतील सदस्यांना ‘नाही’ म्हणण्यासाठी सभ्य आणि पक्षनिरपेक्ष आधार हवा असतो. तो या सूचनांतून मिळतो.

आता खरा मुद्दा. जुने नाव का राहावे, याचे सर्वांत भक्कम उत्तर व्यक्तीच्या थोरवीत नसून त्या व्यक्तीच्या त्या जागेशी असलेल्या नात्यात असते. थोर व्यक्ती पुष्कळ असतात आणि थोरवीची तुलना सुरू झाली की चर्चा भावनेवर जाते. नाते मात्र कागदावर दाखवता येते. दादरहून माहीमकडे जाणारा एल. जे. रोड घ्या. या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ती आद्याक्षरे लेडी जमशेटजी यांची आहेत हे ठाऊक आहे? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माहीमची खाडी होडीने ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसे बुडत. सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी १८४० च्या दशकात आपल्या पैशातून माहीम आणि वांद्रे जोडणारा कॉजवे बांधवून घेतला, आणि त्यावरून जाणाऱ्यांकडून कर घेऊ नये अशी अट घातली. ज्या रस्त्याच्या टोकाला त्यांचे काम आजही वाहतूक वाहून नेत आहे, त्याच रस्त्याला त्यांचे नाव आहे. मुंबईत स्त्रियांच्या नावाचे रस्ते मुळात थोडे. त्यांतही दानाची जागा आणि नावाची जागा इतकी लगत असलेले उदाहरण मला दुसरे सांगता येणार नाही. उद्या कोणी हे नाव बदलू म्हणाले, तर एवढी एक गोष्ट नीट मांडणे पुरेसे व्हावे.

लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गाचेही तसेच आहे. जुने लोक त्याला अजून डिलाईल रोडच म्हणतात. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, कामगारांसाठी वाचनालये आणि रात्रशाळा चालवल्या, आणि १९२० मध्ये स्थापन झालेल्या ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी ते एक होते. हा रस्ता गिरण्यांच्या भिंतींमधून जात होता. भोंगे बंद झाले, गिरण्यांच्या जमिनींवर कचेऱ्या आणि मॉल उभे राहिले, चाळींच्या जागी उंच इमारती आल्या. आज त्या रस्त्यावरून चालणाऱ्या नव्या माणसाला हा कामगारांचा भाग होता हे सांगणाऱ्या खुणा फार थोड्या उरल्या आहेत, आणि रस्त्याचे नाव त्यांपैकी एक आहे. गोदीच्या कडेने जाणाऱ्या पी. डिमेलो मार्गाला गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो यांचे नाव आहे. त्यापूर्वी तो फ्रिअर रोड होता. गव्हर्नराचे नाव जाऊन गोदी कामगारांच्या नेत्याचे नाव गोदीलगतच्या रस्त्याला मिळाले, हे नामकरण मला अतिशय न्याय्य वाटते, आणि तेच नाव उद्या हलवले गेले तर तितकाच अन्याय होईल असेही वाटते.

म्हणून आपल्या रस्त्याच्या बाबतीत प्रथम हे शोधा, की ते समाजसुधारक त्या परिसरात राहत होते का, त्यांची शाळा, दवाखाना, छापखाना किंवा सभागृह तेथे होते का, नाव देण्याचा ठराव कोणी आणि कोणत्या कारणाने मांडला होता. माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून महापालिका चिटणीसांच्या कार्यालयाकडे मूळ ठरावाची प्रत मागता येते. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे हा अर्ज इतर कशाचीही वाट न पाहता करावा. जुन्या कामकाजाचे छापील वृत्तांत, दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आणि काळा घोड्याजवळचे राज्य पुराभिलेखागार येथे बहुतेक गोष्टींचा माग लागतो. ठरावाच्या वेळी सभागृहात झालेली भाषणे मिळाली तर ती विशेष मोलाची असतात, कारण त्या काळच्या नगरसेवकांनी हे नाव याच रस्त्याला का दिले, हे त्यांच्याच शब्दांत पुढे ठेवता येते.

आणि नाते सापडले नाही तर? तर तसे मान्य करून अन्य आधार शोधावा. ओढूनताणून जोडलेले नाते समितीपुढे टिकत नाही, आणि एक चूक उघडी पडली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. परळजवळच्या ज्या रेल्वे स्थानकाला एल्फिन्स्टन हे नाव होते, ते १८५३ ते १८६० या काळातील गव्हर्नर लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन यांच्यावरून; महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते १८१९ ते १८२७ या काळातील माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. २०१८ मध्ये स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले, तरी आजही या दोघांची सरमिसळ करून एकाच्या शैक्षणिक कार्याचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर मांडले जाते. वरळी-महालक्ष्मीच्या डॉ. ई. मोझेस मार्गाबाबत याच्या उलट घडते. नाव परके वाटते म्हणून ते कोणा इंग्रज अधिकाऱ्याचे असावे असा समज आहे. डॉ. एलिजा मोझेस हे बेने इस्रायली होते, १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले होते. आणि बेने इस्रायल म्हणजे कोकणात शतकानुशतके तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले, घरात मराठी बोलणारे लोक. केवळ कानाला परके वाटते या कारणाने नाव बदलायचे ठरवले, तर कोकणच्या मातीतल्या एका समाजाची शहरातली मोजकी खूण पुसली जाईल.

आता त्या प्रश्नाकडे येतो, ज्यावर विरोध हरतात असे मी वर म्हटले. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रकरणात एका रहिवासी संघाच्या शिष्टमंडळाबरोबर मी एका समिती सदस्यांकडे गेलो होतो. संघाने सह्यांची मोहीम मनापासून राबवली होती. फुलस्केप कागदांचा जाड गठ्ठा लाल दोरीने बांधून आणला होता. सदस्यांनी निवेदन बाजूला ठेवले आणि सह्यांची पाने उलटायला सुरुवात केली. पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवून ते पानभर खाली येत, मग पुढचे पान घेत. बहुतेकांनी रस्त्याचे इंग्रजी अमदानीतले नाव लिहिले होते, काहींनी समोरच्या बंद पडलेल्या सिनेमागृहाची खूण दिली होती, आणि ज्या व्यक्तीसाठी हे सर्व चालले होते तिचे पूर्ण नाव फार थोड्या ओळींत होते. संघाच्या स्वतःच्या शिक्क्यावरही केवळ आद्याक्षरे होती. “हे नाव तुम्हीच घेत नाही, मग ते राखावे असे आम्ही कशाच्या बळावर म्हणायचे?” असे त्यांनी शांतपणे विचारले. शिष्टमंडळाकडे उत्तर नव्हते. तो प्रस्ताव पुढे गेला आणि मंजूर झाला.

मुंबईत हे सर्वत्र झालेले आहे. जगन्नाथ शंकरशेठ मार्गाचा जे. एस. एस. रोड झाला, दादाभाई नौरोजी मार्गाचा डी. एन. रोड, स्वामी विवेकानंद मार्गाचा एस. व्ही. रोड. नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव ज्या रस्त्याला आहे त्याला सारे शहर मरीन ड्राइव्ह म्हणते. शिवाजी पार्कच्या केळुसकर मार्गावर खाण्यापिण्याची ठिकाणे माहीत असलेली असंख्य माणसे भेटतात. परंतु कृष्णराव अर्जुन केळुसकर हे ते शिक्षक, ज्यांनी १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांच्या सत्काराच्या वेळी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, हे सांगणारा क्वचितच भेटतो. अशा विस्मरणामुळेच नाव बदलण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्याला धीर येतो. जुन्या नावामागे कोणी उभे राहणार नाही, असे त्याने गृहीत धरलेले असते, आणि ते गृहीत पुष्कळदा बरोबर निघते.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या हातात आहे. सह्या गोळा करण्यापूर्वी संघाच्या पत्रशीर्षावर, शिक्क्यावर, प्रवेशद्वारावरच्या पाट्यांवर रस्त्याचे पूर्ण नाव येऊ द्या. परिसरातील दुकानदारांना त्यांच्या पाट्यांवर ते लिहिण्याची विनंती करा. जवळच्या शाळेला सांगून त्या समाजसुधारकांवर एक तास घ्यायला लावा; गणेशोत्सव मंडळ तयार असेल तर मंडपात त्यांच्या कार्याची एक भिंत मांडा. सह्यांच्या कागदावर पत्त्याच्या रकान्यात नाव आधीच छापून न ठेवता प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पूर्ण लिहू द्या. हे सर्व दिखाव्यासाठी करायचे नाही. ज्यांचे नाव वाचवायचे आहे त्यांना आधी रस्त्यावर परत आणल्याशिवाय त्यांच्या बाजूने बोलण्याचा नैतिक अधिकार आपल्याला येत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

विरोध करण्यापूर्वी आपल्या मनातील कारणही एकदा तपासून पाहावे, असा माझा आग्रह असतो, कारण नाव बदलण्याला होणारा प्रत्येक विरोध आदरणीय नसतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला, तेव्हा ‘मराठवाड्याची अस्मिता’ हे कारण पुढे करून जो विरोध झाला त्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नाव प्रत्यक्षात आले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्ताराच्या स्वरूपात. महाराष्ट्रात नावाच्या प्रश्नावर बोलणाऱ्याने हा इतिहास विसरू नये. नव्या नावाच्या व्यक्तीची जात, धर्म किंवा भाषा यांमुळे जर कोणाला ते नको असेल, तर अशा माणसाला शिष्टमंडळात घेऊ नका, मग तो कितीही सह्या आणून देणार असो. त्याचे एक वाक्य संपूर्ण निवेदनाला डाग लावते, आणि तो डाग लागणे योग्यच असते.

तसेच, सर्व नामांतरे वाईट असाही सूर लावू नये. हॉर्नबी रोडचे नाव बदलून दादाभाई नौरोजी यांचे दिले गेले. विल्यम हॉर्नबी यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात वरळीची खाडी बुजवणारा बांध घालण्याचे मोठे काम झाले हे खरे. तरी १८९२ मध्ये ब्रिटिश संसदेत निवडून गेलेल्या आणि इंग्रजी राज्यात भारताची संपत्ती कशी वाहून जाते हे आकड्यांनिशी मांडणाऱ्या दादाभाईंचे नाव त्या रस्त्याला मिळणे हा स्वतंत्र झालेल्या शहराचा हक्क होता. आपले प्रकरण मात्र वेगळे आहे. येथे एका राज्यकर्त्याच्या जागी लोकांचा माणूस येत नसून, आपल्याच समाजसुधारकाला बाजूला सारून दुसऱ्याला जागा केली जात आहे. निवेदनात हा फरक स्पष्ट शब्दांत यायला हवा.

आता अपमानाच्या भीतीबद्दल. ती अनाठायी नाही. दिवंगत लोकप्रतिनिधींचे कुटुंबीय आणि कार्यकर्ते त्याच परिसरात राहतात, त्यांचे दुःख ताजे असते, आणि सह्यांच्या मोहिमेची बातमी त्यांच्या कानावर वाकडीतिकडी होऊन जाते. म्हणून पहिली सही घेण्याच्या आधी संघातील दोन-तीन ज्येष्ठांनी त्यांच्या घरी जाऊन भेट घ्यावी. तेथे युक्तिवाद करू नये. दिवंगतांच्या कामाबद्दल, त्यांनी आणलेल्या पाण्याच्या जोडणीबद्दल, दंगलीच्या किंवा पुराच्या वेळी केलेल्या मदतीबद्दल, जे खरे असेल ते कृतज्ञतेने बोलावे आणि मग सांगावे की, त्यांचे नाव परिसरात असावे अशी आमचीही इच्छा आहे, परंतु दुसऱ्याचे नाव पुसून ते लावले जाऊ नये. पुष्कळदा कुटुंबीयांना जुने नाव कोणाचे आहे हेच कोणी सांगितलेले नसते. प्रस्ताव कार्यकर्त्यांच्या उत्साहातून आलेला असतो, आणि घरच्या मंडळींनी शब्द टाकला तर तो मागेही घेतला जातो. असे होताना मी पाहिले आहे.

या भेटीत पर्यायी जागा हातात असली पाहिजे. नुसता नकार घेऊन जाणे असभ्यही आणि निष्फळही. चौक, उद्यान, महापालिकेची शाळा, वाचनालय, व्यायामशाळा, आरोग्य केंद्र, पादचारी पूल यांपैकी ज्याला नाव दिलेले नाही असे काय काय आपल्या विभागात आहे, याची पाहणी करा. विकास आराखडा २०३४ मध्ये दाखवलेले नवे रस्ते अनेक विभागांत आहेत आणि त्यांतील बऱ्याच रस्त्यांना अजून नाव नाही. लोकप्रतिनिधींनी ज्या कामासाठी आयुष्य वेचले त्या कामाशी जुळणारी वास्तू सापडली, तर ती रस्त्याच्या पाटीपेक्षा अधिक मानाची आहे, हे कुटुंबीयांनाही पटते. निवेदनाच्या अखेरीस हा पर्याय नकाशातील ठिकाणासह नोंदवावा, म्हणजे समितीला दोन्ही बाजूंचा मान राखून निर्णय घेता येतो.

ज्यांचे नाव वाचवायचे आहे ते एखाद्या विशिष्ट समाजाचे असतील, तर आणखी एक दक्षता घ्यावी. पारशी, बेने इस्रायली, ईस्ट इंडियन, कोकणी मुसलमान, पाठारे प्रभू, भंडारी, गुजराती अशा अनेक समाजांची या शहराच्या रस्त्यांवर मोजकी नावे आहेत, आणि त्यांपैकी एक गेले तर त्या समाजाला ते घरातून बाहेर काढल्यासारखे लागते. तरीही निवेदन एकट्या त्या समाजाच्या मंडळाकडून जाऊ नये. माझगावच्या उद्यानाला नाव असलेले जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा ईस्ट इंडियन ख्रिस्ती होते, पण ते लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी होते, होमरूल लीगचे अध्यक्ष होते आणि मुंबई महापालिकेचेही अध्यक्ष होते. त्यांच्यावर सर्वांचाच हक्क आहे. पहिल्या दहा सह्यांत परिसरातील सर्व तऱ्हेची नावे दिसली, तर हरकत एका गटाची आहे असे म्हणता येत नाही.

पत्ता बदलल्याने कागदपत्रांचा त्रास होईल, हा मुद्दा प्रत्येक निवेदनात पहिल्या क्रमांकावर असतो आणि तो तेथे नसावा. मालमत्तेची ओळख शहरात कॅडस्ट्रल सर्व्हे क्रमांकाने आणि उपनगरांत सी. टी. एस. क्रमांकाने (दोन्ही जमीन मोजणीचे क्रमांक) होते, रस्त्याचे नाव बदलल्याने मालकीला धक्का लागत नाही, पिन कोड तोच राहतो आणि जुन्या नावाने आलेली पत्रे पोहोचत राहतात. लहान दुकानदारांना पाट्या, बिलपुस्तके, परवाने यांचा खर्च येतो, तो मात्र खरा आहे आणि त्यांनी तो स्वतंत्रपणे मांडावा. तरीही सोयीचा मुद्दा पुढे केला की आपण थोर व्यक्तीसाठी नव्हे तर स्वतःच्या त्रासासाठी बोलत आहोत असे दिसते.

रस्त्यावरच्या आंदोलनाविषयी थोडेच सांगतो. शांततेने फलक धरून उभे राहण्याला माझी हरकत नाही. नव्या फलकाला काळे फासणे, त्यावर कागद चिकटवणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. मालमत्ता विद्रूपणाविरुद्धच्या १९९५ च्या कायद्याखाली गुन्हा तर नोंदतोच, शिवाय दिवंगत व्यक्तीच्या नावाला काळे फासल्याचे छायाचित्र एकदा पसरले की परिसरातील मध्यममार्गी माणूस आपल्यापासून कायमचा दूर जातो.

ठराव मंजूर झालाच, तर लढा तेथे संपवण्याचे कारण नाही, मात्र मागणी बदलावी लागते. नव्या फलकावर पूर्वीचे नाव लहान अक्षरांत राहावे, रस्त्याच्या आरंभी समाजसुधारकांच्या कार्याची माहिती देणारी शिळा बसवावी, बेस्टच्या थांब्याचे नाव जुनेच ठेवावे, या मागण्या प्रशासनाच्या पातळीवरही विचारात घेतल्या जाऊ शकतात. समाजसुधारकांचे नाव जवळच्याच एखाद्या वास्तूला देण्याची मागणीही करता येते, पण ती ठराव होण्याच्या आधी चुकूनही बोलून दाखवू नये. तडजोड सुचवली की मूळ विरोध मागे घेतला असे टिपणीत लिहिले जाते.

आपल्या बाबतीत अजून समितीची तारीख पडलेली नाही असे दिसते. याच आठवड्यात तीन कागद द्यावेत: विभाग कार्यालयाच्या सहाय्यक आयुक्तांना एक पानाची हरकत, चिटणीसांच्या कार्यालयाला मूळ ठरावासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज, आणि प्रभागाच्या नगरसेवकांना भेटीची वेळ मागणारे पत्र. तिन्हींच्या प्रतींवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा. हरकतीत पहिल्या परिच्छेदात समाजसुधारकांचे पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची साले आणि परिसराशी असलेले नाते. दुसऱ्यात मूळ नामकरणाचा तपशील आणि १९७५ च्या सूचना. तिसऱ्यात दिवंगत लोकप्रतिनिधींबद्दल आदर व पर्यायी जागेचा प्रस्ताव एवढेच असावे. मूळ ठराव हाती येईपर्यंत दुसऱ्या परिच्छेदात ‘प्रत मागवली आहे, मिळताच सादर करू’ असे लिहून हरकत दाखल करावी, प्रतीची वाट पाहत थांबू नये. सह्यांचे कागद नंतर पुरवणी म्हणून जोडता येतात.